आग्या कड्याखालचा मुक्काम

रोहिणखेडच्या कडूबाला हळू बोलता येत नसे. तो तापट नव्हता, बहिराही नव्हता. देवानं गळाच तसा दिला होता. त्याच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून या पोराचं नाव कडू ठेवलं, काळाला गोड लागू नये म्हणून. काळ काही फिरकला नाही, आणि पोराचा आवाज मात्र वाढतच गेला. ज्वारीत दाणा भरला की बाकीचे शेतकरी गोफणी घेऊन माळ्यावर चढत. कडूबा बांधावर उभा राहून नुसती एक हाक देई, आणि शेजारच्या वावरांतलीसुद्धा पाखरं उठून जात. शेजारी म्हणे, "कडूबा, तुह्यापायी माही गोफण खुंटीवर उंदरानं खाल्ली बे." त्यानं घरी बैलाला हाक मारली की धामणगाव बढ्याच्या बाजारात माणसं मान वळवून बघतात, असंही लोक सांगत. त्यातलं खरं किती ते कोणी तपासायला गेलं नाही.

त्याची बायको कोकिळा. ती कामापुरतं बोले आणि तेही अर्धं डोळ्यांनी. बारशाच्या वेळी या दोघांच्या नावांची अदलाबदल झाली असावी, असं गावातल्या बायकांचं मत होतं.

या दोघांची एकुलती लेक शालू. तिला घाटावर दिली होती, धाडच्या अंगाला, हिंमतरावांच्या मुलाला. घर खाऊनपिऊन सुखी, माणसं चांगली, फक्त थट्टेखोर. लग्नाच्या पंगतीत कडूबानं "वाढा रे" म्हणून आवाज दिला आणि मांडवाबाहेर बांधलेली नवरदेवाची घोडी दावं तोडून पळाली. तेव्हापासून कडूबा लेकीला भेटायला गेला की हिंमतराव अंगणातच हात जोडत. "इवाई, या, बसा. पण जरा दमानं बोला. आमची गाय दूध चढवते." सगळे हसत. शालूही हसे, पण पदर ओढून आत जाई. ते कडूबाला दिसे, आणि तो आणखी मोठ्यानं बोलू लागे. दुसरं काही त्याला सुचतच नसे.

त्या साली शालूला दिवस गेले होते. खरं तर ही दुसरी खेप. आदल्या वर्षी ती पाचव्या महिन्यात माहेरी यायला निघाली, घाटाच्या सडकेनं गाडी धडधडत खाली आली, आणि घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी पोट गेलं. कोणी म्हणालं धक्क्यानं गेलं. कोकिळा म्हणाली, डोहाळा राहिला म्हणून गेलं. पोरीनं अवेळी जांभूळ मागितलं होतं आणि ते कोणी आणून दिलं नव्हतं. पण धक्क्याचं बोलणंही तिनं मनातून टाकलं नाही. यंदा सातवा लागला तसा लेकीला बाळंतपणासाठी आणायला निघालेल्या नवऱ्याला तिनं ओसरीवर अडवलं.

"सडकेनं आणू नका."

"मंग काय उडवत आणू?"

"मोहदरीच्या वाटेनं आणा. एक मुक्काम पडला तरी चालते. आणि या खेपेले पोर जे मागन ते तिले द्या."

कोकिळेनं इतकं सलग बोललेलं कडूबानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. तिचं म्हणणं बरोबरही होतं. घाटाच्या सडकेवर तेव्हा नुसती खडी पसरून ठेवली होती. वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपूरहून चाले, आणि तिकडून मोठे साहेब दौऱ्यावर येणार म्हटलं की सडकेचं नशीब उघडे. पण साहेबांचा दौरा लांबला होता आणि खडी तशीच पडली होती. मोहदरीची वाट जुनी. नदीच्या कडेकडेनं, वाळूतून, सावकाश उतरणारी. लांब होती, पण गाडी पाळण्यासारखी चाले.

कडूबा त्या वाटेनं कधी गेला नव्हता. म्हणून त्यानं मेव्हण्याला बरोबर घेतलं. इंद्रभान पिंपळगाव राजाचा, कोकिळेचा धाकटा भाऊ. घाटावरचा कापूस गाडीनं खाली आणणं हा त्याचा धंदा, आणि बहिणीच्या नवऱ्याला टोचून बोलणं ही करमणूक.

घाटावरून निघताना शालूच्या सासूनं गाडीत गव्हांड्याची, म्हणजे गव्हाच्या काडाची, जाड गादी केली, वर गोधड्या टाकल्या, आणि येता येता पोरीला तोंडात टाकायला म्हणून हिरव्या हरभऱ्याची एक मोठी पेंढी उपटून ठेवली. माघ महिना होता. हरभरा घाट्यांनी लदला होता. जंगलाच्या कडेनं पळस नुकते लाल होऊ लागले होते.

दरी सुरू झाली तिथं इंद्रभाननं गाडी थांबवली. खाली उतरून त्यानं बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढल्या आणि फडक्यात गुंडाळून धुरीखाली, गाडीवानाच्या बैठकीखाली, ठेवल्या. मग कडूबाच्या हातातली चिलीम घेतली, दगडावर उलटी केली आणि वर वाळू टाकली.

"भाऊजी, आता इथून पुढं तोंडाले कुलूप."

"काऊन बे? वाघ हाये का?"

"वाघ परवडला. आग्या मोहोळ हाये. कड्याखाली मोठ्यानं बोलायचं नाही, विस्तव करायचा नाही. मुक्कामाची चूल वळणाच्या खाली, उंबरापाशी. तीबी सूर्य बुडाल्यावर. दिवसा नाही."

"उंबरापाशी चालते, तर दिवसा काऊन नाही?"

"ते मले माह्या बापानं सांगितलं नाही. त्याले त्याच्या बापानं सांगितलं नसन. नाही म्हणजे नाही." मग इंद्रभान गाडीत डोकावून भाचीला म्हणाला, "शाले, तुह्या बापाच्या तोंडात हरभरे कोंबत राहा वं माय."

शालू हसली. कडूबानं स्वतःच एक घाटा सोलून तोंडात टाकला.

गाडी आत शिरली. दोन्ही बाजूंचे डोंगर आधी लांब होते, मग जवळ आले, मग इतके जवळ आले की आभाळ अंगणाएवढं उरलं. नदी मधोमध, बारीक, गोट्यांमधून वाट काढत चाललेली. वाळूत चाकांचा आवाज नव्हता. बैलांच्या नाकाचा श्वास तेवढा ऐकू येई. एक वळण गेलं, आणि इंद्रभाननं काही न बोलता चाबकाची काठी वर केली.

समोर काळा कडा होता. उभा, सरळ, जणू कोणी डोंगर करवतीनं कापून अर्धा नेला असावा. वरचा भाग पुढं झुकला होता, आणि त्या झुकत्या छातीखाली मोहोळं लोंबत होती. कडूबानं झाडावरची मोहोळं खूप पाहिली होती. ही गाडीच्या चाकाएवढी होती, काही त्याहून मोठी, एकापुढं एक, कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आधी ती त्याला दगडाचीच वाटली. मग त्यातल्या एकावरून काहीतरी चमकत सरकलं. वाऱ्याची झुळूक ज्वारीवरून जावी तशी एक लाट मोहोळाच्या एका काठावरून निघाली, दुसऱ्या काठाला पोचली आणि विझली. मग शेजारच्यावर उठली. मग पलीकडच्यावर. हजारो माश्या एका श्वासात पाठ उचलत होत्या आणि खाली ठेवत होत्या. आवाज होता, पण तो कानाला लागत नव्हता, छातीला लागत होता. दूर कुठं तरी एका मोठ्या घरात पुष्कळ जाती एकदम फिरताहेत आणि त्या घराचा उंबरठा आपल्या पायाखाली आहे, असा.

कडूबानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. देवळात आल्यासारखं त्यानं हे केलं, आणि केल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही.

मुक्कामाची जागा अगदी लहान होती. कड्याच्या पायथ्याशी पाण्याचं कुंड, हिरवं, खोल, तळाचा गोटा न् गोटा दिसेल असं. कुंडाच्या खालच्या अंगाला नदी वळे, आणि वळणाच्या पलीकडं सपाट वाळवंटात एक जुना उंबर. त्याखाली गाडीवाल्यांच्या कितीतरी पिढ्यांनी मांडलेल्या तीन दगडांच्या चुली, आतून काळ्या. इथून पुढं रात्री जाण्यासारखी वाट नव्हती, म्हणून दिवस असतानाच थांबायचं, हा इथला रिवाज. इंद्रभाननं गाडी उंबराखाली सोडली, बैल घेतले आणि खालच्या लव्हाळ्याकडं चारायला गेला.

शिदोरी खाऊन झाली. भाकरी, ठेचा, सासूनं दिलेले तिळाचे लाडू. शालूनं लाडू नुसता हातात धरला. पेंढीतला एक घाटा सोलून तिनं तोंडात टाकला आणि म्हणाली, "बाबा, याचा भाजून हुळा किती चांगला लागते."

कडूबानं कान टवकारले. "खावंसा वाटते काय?"

"आता इथी कुठून. तसंच म्हटलं." ती उठली. "मी पाय धुवून येतो पाण्यात. सुजले हायेत."

ती वळणाच्या पलीकडं कुंडाकडं गेली. 'तसंच म्हटलं' हे शब्द कडूबाच्या मनात रुतून बसले. जांभळाच्या वेळीही पोर असंच म्हणाली होती. डोहाळा राहिला तर लेकराचे कान फुटतात, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. आणि लेकरू मुळात आलंच नाही तर, हे त्यानं घरी पाहिलं होतं. त्यानं वर पाहिलं. कडा वळणाआड गेला होता. इथून एकही मोहोळ दिसत नव्हतं. जागा तर नेमून दिलेलीच होती, चुली मांडलेल्या होत्या. फक्त वेळेचं बोलणं राहिलं, आणि त्या बोलण्याला कारण कोणी दिलं नव्हतं. इतक्यात भाजून होईल, असं त्याला वाटलं. त्यानं काट्याकुट्या गोळा केल्या, आगपेटी ओढली, आणि जाळ धरल्यावर पेंढीतल्या हिरव्या डहाळ्या वर ठेवल्या.

हरभरा भाजला की धूर होतो, आणि हिरवा हरभरा असला की पांढरा, दाट, जड धूर होतो. हे कडूबाला ठाऊक होतं. शेतात हुळा त्यानं आयुष्यभर भाजला होता. पण शेतात धूर वर जातो. इथं तो वर गेला नाही. हातभर उठला, जरा थबकला, आणि आडवा झाला. दुपारी दरीतलं वारं खालून वर चढतं, आणि सूर्य बुडाल्यावर वरून खाली उतरतं. इंद्रभानच्या बापानं न सांगितलेलं कारण एवढंच होतं. कडूबाच्या डोळ्यांदेखत धुराचा एक जाड दोर झाला आणि वळणाला घासून कुंडाच्या बाजूला सरकत गेला.

त्यानं दोन्ही हातांनी वाळू लोटून चूल गाडली. पण निघालेला धूर परत बोलावता येत नाही.

तो वळणापर्यंत धावला आणि थांबला. शालू पाठमोरी होती, कुंडाच्या काठाच्या खडकावर, पाय पाण्यात सोडून. धूर तिच्या डोक्यावरून पुढं जाऊन कड्याला भिडला होता. मोहोळांवरच्या लाटा थांबल्या होत्या. सगळ्या, एकदम. जात्यांचा आवाजही नव्हता. दरीत पहिल्यांदा शांतता झाली, आणि ती शांतता आधीच्या आवाजापेक्षा मोठी होती.

हाक कडूबाच्या गळ्यापर्यंत आली. 'शाले' एवढी एकच हाक. रोहिणखेडात ती वेशीपलीकडं ऐकू गेली असती. इथं तिच्यापुढं कड्याची भिंत होती, आणि भिंतीवर काय होतं ते तो बघत होता. त्यानं तोंडावर हात दाबला. मागं जाऊन गाडीतलं घोंगडं ओढलं, नदीत बुडवलं, आणि ते निथळतं ओझं छातीशी धरून तो गोट्यांवरून निघाला. आयुष्यभर जमीन दणाणत चाललेला माणूस पाऊल पाहून टाकू लागला. एक गोटा हलला तर तो पाय तसाच अधांतरी धरी, मग दुसरा शोधी.

शालूला चाहूल लागली तेव्हा तो हाताच्या अंतरावर होता. तिनं वळून पाहिलं. बापाचा चेहरा तिनं असा मिटलेला कधी पाहिला नव्हता. ती बापाच्या त्या गप्पपणालाच आधी घाबरली.

"खाली बस," तो म्हणाला.

हा आवाज तिनं आजवर ऐकला नव्हता. हलका, कानाशी, एखाद्या परक्या माणसाचा. ती खडकाच्या बेचक्यात बसली, गुडघे पोटाशी न दाबता, कुशीवर. कडूबानं घोंगडं दोघांवर ओढलं, तिच्यावर ओणवा झाला, एक हात वाळूत रोवला, गुडघे पाण्यात टेकले आणि दुसऱ्या मुठीत घोंगड्याची कड धरली. मूठ तेवढी बाहेर राहिली.

मग कडा सुटला.

दुसऱ्या शब्दांत ते पुढं त्याला कधीच सांगता आलं नाही. आधी एक उसासा आला, डोंगरानंच टाकल्यासारखा. मग उजेड गेला. घोंगड्याच्या विणीतून येणारे बारीक कवडसे एकेक करून बुजले. मग घोंगडं जड झालं. त्यावर काहीतरी चालत होतं, थांबत होतं, हुंगत होतं. आवाज आता छातीला नव्हता लागत. आतबाहेर दुसरं काही उरलंच नव्हतं. मुठीवर पहिला डंख बसला तेव्हा कडूबाला वाटलं, विस्तवावर हात पडला. मग दुसरा. मग ते वेगळे राहिले नाहीत. तो ओरडला नाही. ओठ दातांखाली धरून तो लेकीच्या केसांकडं पाहत राहिला, कारण तेवढंच दिसत होतं.

"बाबा, मामा कुठी हायेत?" तिनं विचारलं. ओठ हलले एवढंच.

"खाली, बैलापाशी. बैल त्याले सांभाळतीन."

ती हसली की शहारली ते कळलं नाही. बराच वेळ गेला. पाण्यानं कडूबाचे गुडघे बधिर झाले. माश्या उठत, घिरट्या घालत, पुन्हा बसत. आणि मग शालूचं अंग एकदम आखडलं. मागल्या सालची ती तिसऱ्या दिवसाची सकाळ कडूबासमोर उभी राहिली.

"दुखते काय माय?"

"नाही." ती थांबली. "हालून राह्यलं. असं कधी हाललं नव्हतं. बाबा, ते ऐकून राह्यलं वाटते."

वर घोंगड्यावर एवढा मोठा जीव होता, कड्याएवढा, हजारांचा मिळून एक. खाली एक जीव होता, अजून डोळेही न उघडलेला. त्या दोघांच्या मधे कडूबा हातपाय रोवून ओणवा होता, आणि दोन्हीकडून त्याला धक्के लागत होते. भीती कुठं संपली आणि हे दुसरं कुठं सुरू झालं ते त्याला समजलं नाही. त्याला फक्त हलायचं नव्हतं.

हळूहळू घोंगडं हलकं झालं. कवडसे परत आले, पण आता ते तांबडे होते. वारं फिरलं, वरून खाली येऊ लागलं, आणि त्यात धुराचा वासही नव्हता. कडूबानं कड उचलून पाहिलं. सांज झाली होती. माश्या कड्याकडं परत चालल्या होत्या, घाई न करता, बाजारातून घरी जाणाऱ्या माणसांसारख्या. प्रत्येक थवा आपल्याच मोहोळाला जात होता. चूक होत नव्हती. सगळ्या बसल्यावर एका टोकाच्या मोहोळावरून पहिली लाट निघाली.

दोघं बापलेक मान वर करून ते बघत बसले. घरी जायचं, उठायचं, हे कोणाच्या मनात आलं नाही.

इंद्रभान निरगुडीचा पाला डोक्याखांद्यावर घेऊन आला तेव्हा त्याचा एक डोळा मिटला होता. बैलांना त्यानं लव्हाळ्यात पाण्यात बसवलं होतं. त्यानं आधी भाचीला नखशिखान्त पाहिलं, मग कडूबाची मूठ पाहिली. ती मूठ राहिली नव्हती. वांग्यासारखी काळीनिळी फुगली होती. मग त्याला वाळूतून डोकावणारी अर्धी जळकी डहाळी दिसली.

"हुळा केला जी भाऊजी?"

"हाव," कडूबा म्हणाला. "मीच केला."

इंद्रभानकडं त्या वेळी देण्यासारखे पुष्कळ टोले होते. पण कडूबाचा तो हळू आवाज ऐकून तो सगळे विसरला. त्यानं खाली बसून मेव्हण्याचा हात मांडीवर घेतला आणि नखानं एकेक काटा काढायला लागला. शालूनं ओली माती लावली. त्या रात्री चूल पेटली नाही. लाडू खाल्ले, पाणी प्याले, झोपले.

चैत्रात शालू रोहिणखेडला सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. कडूबाचा हात पंधरवड्यात उतरला. पुढं कितीतरी वर्षं माघ लागला की तो कोणाला न सांगता मोहदरीत जाई आणि उंबराखाली दिवसभर बसून येई. मध काढतो की काय म्हणून लोकांनी पाळत ठेवली. तो काहीच करत नव्हता. कोकिळा एकदा त्याच्याबरोबर गेली. तिथं ते दोघं काय बोलले, असं बायकांनी विचारल्यावर ती म्हणाली, "तिथी कोणी बोलते काय?"

पण त्या मुक्कामाची सकाळ सांगायची राहिली. इंद्रभाननं उजाडताच बैल जुंपले. ऊन कड्यावर यायच्या आत दरीतून बाहेर पडायचं, असा त्याचा बेत होता. शालूला गादीवर बसवलं, आणि तो धुरीवर चढणार, तेवढ्यात कडूबानं त्याचा हात धरला.

उंबराखालून निघणारी गाडीवाट नदीचा ओलसर पट्टा ओलांडून जात होती. त्या पट्ट्यावर माश्या उतरल्या होत्या. कुंडाकडून एकेक येत होती आणि ओल्या वाळूत तोंड लावून पाणी पीत होती. पट्टा तपकिरी झाला होता, आणि पंखांवर पहिला उजेड पडून थरथरत होता. आवाज अगदी बारीक होता. कालच्याच माश्या होत्या, पण काल त्यांनी काही केलं होतं असं त्यांच्याकडं पाहून वाटत नव्हतं.

"चाकाखाली येतीन," कडूबा म्हणाला.

"तर काय वाट पाहत बसता?" इंद्रभान कुजबुजला. "ऊन चढलं तर अजून येतीन. पोरीचा जीव पाहा."

कडूबानं गाडीत पाहिलं. काल एकदा त्यानं लेकीच्या वतीनं ठरवलं होतं. "शाले, तू सांग."

शालू तट्ट्याच्या छपराखालून पुढं सरकली होती. तिचा एक हात पोटावर होता. ती त्या ओल्या वाळूकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काल सांजेचंच ते पाहणं होतं.

"पिऊ द्या त्याईले," ती म्हणाली. "मले घाई नाही."

कडूबा बैलांच्या पुढं जाऊन उभा राहिला. चांगल्या हातानं त्यानं दोन्ही वेसणी धरल्या. बैलही हलले नाहीत. उजेड कड्यावरून पायरीपायरीनं खाली उतरत राहिला, माश्या येत राहिल्या, पाणी पिऊन जात राहिल्या, आणि ते तिघं वाट मोकळी व्हायची वाट पाहत तिथंच थांबले.